साहेबांचं पाणी

माझ्या नणंदबाई कुणाकडे गेल्या की समोर आलेला पाण्याचा पेला आधी उजेडात धरायच्या. मग वास घ्यायच्या, एक घोट तोंडात घोळवायच्या आणि पेला खाली ठेवता ठेवता आकडा सांगायच्या. "तीनशे दहा." नवख्या माणसाला वाटायचं, या कुणाचा तरी रक्तदाब सांगताहेत. आम्हा घरच्यांना ठाऊक होतं की एका लिटरात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत त्याचा तो अंदाज आहे, आणि तो फार तर दहा-वीसने इकडेतिकडे असेल.

वन्संनी शहराच्या पाणीपुरवठा केंद्रातल्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, घरात त्या माझ्या आधीपासून होत्या, त्यामुळे संसार नेमका कुणाचा हा प्रश्न मी कधी काढला नाही. तीन खोल्या, एक गॅलरी आणि स्वयंपाकघरात एक पितळी नळ. त्या नळावर वन्संचा फार जीव. "हे पाणी माझ्या सहीने येतं," असं त्या म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. रोज सकाळी नमुने तपासून त्या चिठ्ठीवर सही करायच्या, मगच शहरात पाणी सुटायचं.

सहीच्या बाबतीत त्या थट्टा चालवून घेत नसत. मी या घरात आले त्याच वर्षी एकदा धरणाकडून गढूळ पाणी आलं. वरून फोन आला, सही करून टाका, दुपारपर्यंत निवळेल. वन्सं म्हणाल्या, मग दुपारीच सही करते. अर्धं शहर दुपारपर्यंत कोरडं राहिलं. आमच्या समोरची शेजारीण नेमकी डोक्याला साबण लावून बसली होती. ती तशीच फेसासकट दारात आली आणि वन्संच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वन्संनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "साबण डोळ्यांत जाऊ देऊ नका."

अशा बाईच्या घरात पाणी शुद्ध करायचं यंत्र येण्याची सोयच नव्हती. लग्नानंतर मी एकदा तसा विषय काढला होता. वन्संनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या अंगावरच्या धुतलेल्या साडीला परत साबण लावायला निघाले होते. मी विषय आवरता घेतला.

माझ्याबद्दल सांगायचं तर मी एका दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसते. फोन घेते, वेळा देते, आणि आतून ओरडल्याचा आवाज आला की बाहेर बसलेल्यांशी जरा मोठ्याने गप्पा मारायला लागते. एरवी माझ्या हातून लबाडी अशी कधी झाली नव्हती. म्हणजे मोठी झाली नव्हती.

वन्सं निवृत्त झाल्या तेव्हा केंद्रात निरोपाचा कार्यक्रम झाला. मुख्य अभियंत्यांनी लांबलचक भाषण केलं आणि शेवटी त्यांच्या हातात एक ऑर्किडची कुंडी दिली. पांढरी फुलं, प्रत्येकाच्या मधोमध जांभळा ठिपका, एका वाकलेल्या काडीवर नऊ फुलं. वन्संनी जन्मात झाड लावलं नव्हतं. ती कुंडी त्यांनी बसमधून मांडीवर घेऊन आणली आणि पूर्वेच्या खिडकीत ठेवली. माझा नवरा तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "ताई, साहेबांनी दिलंय. नुसतं खिडकीत बसून राहणार, काम काही करणार नाही आणि सगळ्यांनी मर्जी सांभाळायची. म्हणजे हेही साहेबच."

नाव चिकटलं. साहेबांना ऊन लागतंय का, साहेबांचा पडदा सरकव, असं आमच्या घरात चालू झालं. एकदा खरे साहेब, म्हणजे ते मुख्य अभियंते, पेन्शनच्या कागदासंबंधी फोनवर होते आणि वन्सं मला आतून ओरडून विचारत होत्या, "साहेबांच्या बुडाशी पाणी साचलंय का बघ गं." पलीकडे काही क्षण शांतता होती असं वन्सं नंतर म्हणाल्या.

झाडाचं सगळं त्या शास्त्रशुद्ध करायच्या. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता निळ्या झारीत नळाचं पाणी भरून ठेवायचं, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो आणि पाणी खोलीइतकं कोमट होतं. रविवारी सकाळी कुंडी मोरीत धरून पाणी घालायचं, पूर्ण निथळू द्यायचं, पानांच्या बेचक्यात साचलेलं पाणी कापसाने टिपायचं. एवढं कौतुक आमच्या घरात कुणाच्या वाट्याला आलं नव्हतं.

दोन महिन्यांनी फुलं गळाली. ती गळतातच, त्याचं काही नाही. पण मग पानांची टोकं जळक्या कागदासारखी तपकिरी व्हायला लागली. पुढच्या चार महिन्यांत मुळं सुरकुतली आणि त्यांच्यावर पांढरा थर चढला. ऑर्किड मातीत नसतं, झाडाच्या सालीच्या तुकड्यांत लावलेलं असतं. त्या तुकड्यांवरही कुणी पीठ भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं.

वन्संनी चौकशी सुरू केली. संशय आधी उन्हावर गेला, मग वाऱ्यावर, मग माझ्या स्वयंपाकाच्या वाफेवर. एक आठवडा माझ्या नवऱ्याच्या अंघोळीच्या वेळच्या गाण्यावरही होता. नळाकडे मात्र कुणी बोट दाखवायचं नाही. शेवटी एका संध्याकाळी माझ्या नवऱ्याने चहाची किटली उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "ताई, किटलीत पण अगदी असंच पांढरं बसलंय."

"कॅल्शियम आहे ते," वन्सं म्हणाल्या. "हाडांना चांगलं असतं."

"साहेबांना हाडं नाहीत."

त्या दिवशी त्याला चहा स्वतःच करून घ्यावा लागला.

दोन गल्ल्या सोडून किल्ल्या करणाऱ्याच्या शेजारी झाडांचं एक दुकान आहे. तिथल्या बाईंना सगळे कुंड्यावाली म्हणतात. गळ्यात दोरीला कात्री, हाताला कायम ओल, आणि गिऱ्हाइकाकडे न बघता बोलायची सवय. वन्सं साहेबांना कापडी पिशवीत घालून तिथे घेऊन गेल्या, आणि मी बरोबर होते. कुंड्यावालीने पान उचलून पाहिलं, मुळांवर नख घासलं, ते नख पुसलं.

"पाणी कुठलं घालता?"

"आपलं," वन्सं म्हणाल्या. "नळाचं."

"मग दुसरं काय होणार? या शहराचं पाणी म्हणजे पातळ केलेली भिंत. चुना आहे नुसता."

मी दोन पावलं मागे सरकले.

"तुम्ही ते पाणी कधी तपासलंय?" वन्संनी विचारलं. आवाज अगदी थंड.

"मी कशाला तपासू? पानं सांगतात की."

"मी एकतीस वर्षं तपासलंय. रोज."

कुंड्यावालीने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "मग हे माझ्याआधी तुम्हाला कळायला हवं होतं," ती म्हणाली. टोमणा मारायचा म्हणून नाही, साधं आश्चर्य वाटून. त्यामुळे ते जास्त लागलं.

"दोष सालीचा आहे," वन्सं म्हणाल्या, आणि तिच्याच दुकानातून नव्या सालीची एक पिशवी घेऊन बाहेर पडल्या.

घरी आल्यावर त्यांनी झाड उपटून कुजकी मुळं कापली, आणि ते नव्या सालीत लावलं. संध्याकाळी मी पाहिलं तर त्या किटलीचं झाकण हातात धरून उभ्या होत्या. मला त्यांची दया आली. बाईने ज्या पाण्यासाठी अर्ध्या शहराच्या शिव्या खाल्ल्या, त्याच पाण्याने तिचं निरोपाचं झाड मरत होतं, आणि हे कबूल करणं म्हणजे एकतीस वर्षांच्या चिठ्ठ्यांवर काट मारण्यासारखं. मी ठरवलं की झाड वाचवायचं, पण वन्संना कळू द्यायचं नाही.

दवाखान्यात उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं एक यंत्र आहे. त्याला डिस्टिल्ड पाणी लागतं, म्हणजे वाफ करून परत थंड केलेलं, ज्यात क्षार नावाला नसतात. त्याचे मोठे कॅन आमच्याकडे येतात. मी डॉक्टरीणबाईंना सगळं खरं सांगून आठवड्याला एक बाटली मागितली. त्या हातातलं काम थांबवून हसल्या. समोर खुर्चीत एक गृहस्थ तोंड उघडं ठेवून पडले होते, त्यांनाही हसायचं होतं पण जमेना. "न्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पकडल्या गेलात तर माझं नाव सांगायचं नाही."

वन्सं शनिवारी पाचला झारी भरून फिरायला जायच्या. मी खिडकीतून त्या कोपऱ्यावर वळल्याची खात्री करायची, झारीतलं पाणी फरशी पुसायच्या बादलीत ओतायची आणि डिस्टिल्ड भरायची. रिकामी बाटली मोरीखालच्या कपाटात, साबणाच्या पुड्यामागे. पहिल्या शनिवारी मी मध्येच तीनदा खिडकीशी जाऊन बघून आले. तिसऱ्या शनिवारी मी गाणं गुणगुणत होते.

सहा आठवड्यांनी साहेबांच्या बुडातून एक नवं मूळ बाहेर आलं, टोक हिरवंगार. पाठोपाठ मांजराच्या जिभेएवढं पान. वन्सं चष्मा लावून ते पान बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "उगाच पाण्याला नावं ठेवत होती ती बाई."

"हो ना," मी म्हटलं.

"नळाचं पाणी ते नळाचं पाणी."

"तर काय." माझा चेहरा अगदी सरळ होता. त्यांचाही सरळच होता, पण तेव्हा मी माझ्याच चेहऱ्याच्या काळजीत होते.

मध्येच एका शनिवारी मला ताप भरला. वन्संनी माझं इतकं केलं की काय सांगू. कपाळावर पट्ट्या, गरम सूप, तासातासाला ताप बघणं. पाच वाजले तशा त्या बिछान्याशी येऊन बसल्या. "जरा उठून बसवतंय का? स्वयंपाकघरापर्यंत चालून बघ. पडून पडून अंग आंबतं. तोपर्यंत मी बाहेर जरा एक चक्कर मारून येते." मला अगदी भरून आलं. सख्खी आई एवढं बघणार नाही, असं मनात म्हणत मी भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले, पाणी बदललं, आणि परत येऊन पडले. त्या परतल्या, झारीकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "छान. आता झोप." मी माझ्या अपराधी मनाने ठरवलं की पुढच्या जन्मीही नणंद हीच मिळावी.

आणि मग मुख्य अभियंत्यांचा फोन आला. पाणीपुरवठा केंद्र नागरिकांना पाहायला खुलं करणार होते. लोकांना टाक्या, गाळणीचे हौद दाखवायचे, दोन भाषणं ठेवायची. वन्संच्या ऑर्किडला नवी पालवी आल्याचं त्यांना जुन्या सहकाऱ्यांकडून कळलं होतं. नळाच्या पाण्यावर ऑर्किड वाढवणाऱ्या निवृत्त रसायनतज्ज्ञ, यापेक्षा चांगली जाहिरात कुठली? वन्सं म्हणाल्या, "येईन की." फोन ठेवला आणि बराच वेळ खुर्चीतून उठल्या नाहीत.

मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो आधी ऐकत राहिला, मग हसायला लागला, मग त्याला उचकी लागली. पाणी पिऊनही थांबेना. "मला यात ओढू नकोस," तो उचक्यांमधून म्हणाला. "तू घातलेला गोंधळ तूच निस्तर."

निस्तरायचं कसं ते सुचायच्या आत दुसरं संकट आलं. डॉक्टरीणबाई दहा दिवस गावाला गेल्या आणि दवाखाना बंद झाला. शनिवार उजाडला आणि माझ्याकडे थेंबभर डिस्टिल्ड नव्हतं. कार्यक्रम आठ दिवसांवर. आता साहेबांना चुना पाजून चालणार नव्हतं. दुपारी आभाळ भरून आलं आणि पाऊस सुरू झाला तेव्हा मला सुचलं की पावसाचं पाणीही चालतं, कुंड्यावाली कुणाला तरी तसं सांगत होती. वन्सं खोलीत पडल्या असतील असं धरून मी मोठं पातेलं पदराखाली लपवलं आणि गच्चीवर गेले.

गच्चीच्या मधोमध वन्सं छत्री घेऊन उभ्या होत्या. छत्री स्वतःवर होती. समोर एका स्टुलावर पांढरी बादली उघड्या आभाळाखाली ठेवलेली.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.

"काय गं?" वन्सं म्हणाल्या.

"वाळत घातलेले कपडे काढायला आले."

"पातेल्यात?"

पाऊस पातेल्याच्या बुडावर वाजत होता. वन्संनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "पहिली पंधरा मिनिटं धरायची नाहीत. हवेतली धूळ, धूर सगळं त्यात उतरतं. आता झाली आहेत. लाव तुझं पातेलं. आणि गच्चीच्या पन्हाळीचं घेऊ नकोस, तिथे कबुतरं बसतात."

मी पातेलं लावलं. दोघी एका छत्रीखाली उभ्या राहिलो.

"वन्सं, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्या रविवारपासून."

"कसं काय?"

त्यांनी पदराआडून चष्म्याचं घर काढलं. त्यात चष्म्याऐवजी पेनासारखं एक मीटर होतं, टोक पाण्यात बुडवलं की क्षारांचा आकडा दाखवणारं. "त्या दुकानातून आल्यावर मला राहवेना. रविवारी झारीतलं पाणी मोजलं. तीनशे वीस यायला हवं, आलं दोन. मला वाटलं मीटर गेलं. सेल बदलले. नळाखाली धरलं तर तीनशे वीस. झारीत परत दोन. मग चोर शोधायला कितीसा वेळ लागतो? तुझ्या पिशवीला दाताच्या दवाखान्याचा वास येत होता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर ती बाई बरोबर होती हे कबूल करावं लागलं असतं. तू न सांगता आणत होतीस, मी न विचारता घालत होते. दोघींची अब्रू झाकली होती." त्या जरा थांबल्या. "शिवाय पाणी आणायचे माझे कष्ट वाचत होते."

"आणि मला ताप होता तेव्हा?"

"तुझ्या तापाचीही काळजी होती," वन्सं म्हणाल्या. "तीही होती."

मी छत्रीबाहेर जाऊन भिजत उभी राहिले. रागाने. पण राग दोन मिनिटांच्या वर टिकेना, कारण वन्संच्या खांद्यांना हादरे बसत होते आणि छत्री थरथरत होती. त्या हसत होत्या. सबंध आयुष्यात मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर त्यांनी मला झापलं. "आणि एक सांगते. नुसतं डिस्टिल्ड घालून झाड जगत नाही. त्यात काहीच नसतं, झाडाने खायचं काय? तू साहेबांना उपासाला बसवलं होतंस. मी दर रविवारी तुझ्या पाण्यात चिमूटभर खत विरघळवत होते म्हणून ते पान आलं."

"मग कार्यक्रमाचं काय करायचं?" मी विचारलं. "तिथे काय सांगणार?"

बादली भरत आली होती. त्यांनी मीटर बुडवून पाहिलं आणि म्हणाल्या, "चौदा. सुरेख पाणी आहे." तेवढंच.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं आणि साहेब केंद्रावर गेलो. गाळणीच्या हौदांजवळून जाताना क्लोरीनचा वास आला तसा वन्संनी खोल श्वास घेतला. सभागृहात पन्नासेक लोक होते. मागे मोठा फलक लावला होता, 'आपलं पाणी, सगळ्यांसाठी उत्तम'. शेवटच्या रांगेत कुंड्यावाली बसली होती, कात्री गळ्यात तशीच. तिला कुणी बोलावलं ते मला माहीत नव्हतं. वन्सं तिला बघून जरासुद्धा दचकल्या नाहीत, तेव्हा कळलं की बोलावणारी कोण.

मुख्य अभियंत्यांनी प्रास्ताविक केलं. वन्सं उठल्या. टेबलावर कुंडी ठेवली, शेजारी दोन पेले. एका पेल्यातलं पाणी त्या उभ्यानेच प्यायल्या.

"हे नळाचं," त्या म्हणाल्या. "तीनशे वीस. एकतीस वर्षं मी यावर सही केली आणि आजही करीन. तुम्ही निर्धास्त प्या, लहान मुलांना द्या. पण हे झाड या पाण्यावर वाढलेलं नाही. या पाण्यावर ते मरत होतं."

अभियंत्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे थिजलं.

"हे झाड मुळात मातीत वाढत नाही. रानात ते दुसऱ्या झाडाच्या फांदीला धरून राहतं आणि मुळांवरून ओघळणारं पावसाचं पाणी पितं. पावसाच्या पाण्यात चुना नसतो. आपल्या नळाच्या पाण्यात असतो, जमिनीतून येतो. आपल्याला तो पचतो. याच्या मुळांवर तो साचत जातो आणि मुळं गुदमरतात. मला हे कळायला सहा महिने लागले, कारण मला ते कळून घ्यायचं नव्हतं. त्या तिकडे शेवटी बसल्यात, त्यांना पान बघून एका मिनिटात कळलं. मी त्यांच्याशी उर्मट बोलले होते." मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "आणि झाड वाचलं ते या माझ्या भावजयीमुळे. ती दर आठवड्याला माझ्या झारीत चोरून दवाखान्याचं पाणी भरत होती."

पन्नास माना माझ्याकडे वळल्या. माझ्या नवऱ्याला पुन्हा उचकी लागली.

अभियंते घसा खाकरत उठले. "म्हणजे बाई, आपलं पाणी वाईट आहे असं तुम्हाला म्हणायचंय का?"

"नाही साहेब. तुम्हाला चालतं ना? मग झालं. या साहेबांना चालत नाही, एवढंच."

लोक हसले आणि मग प्रश्न सुरू झाले. एकाने विचारलं, उकळून गार करून घातलं तर? वन्सं म्हणाल्या, थोडा चुना किटलीत बसतो, बाकीचा पाण्यातच राहतो. दुसऱ्या बाईंच्या इमारतीत पाणी मऊ करायचं यंत्र होतं, साबणाला फेस छान यायचा. "ते तर मुळीच नको," वन्सं म्हणाल्या. "ते यंत्र चुना काढून घेतं आणि त्याच्या जागी मिठातला सोडियम सोडतं. फेस येतो, झाड जातं." वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारं पाणी? त्यात क्षार कमी असतात, पण आतली धूळ, बुरशी आणि धातूंचे अंश उतरलेले असतात, तेही नकोच. आरओ फिल्टरचं, म्हणजे क्षार काढून टाकलेलं, पाणी चालेल, पावसाचं सर्वांत चांगलं, दोन्हींत अगदी थोडं खत मात्र हवं. काहीच नाही मिळालं तर नळाचं घाला, पण पावसाचं पाणी अर्धं मिसळा. त्या बोलत होत्या आणि कुंड्यावाली मागे बसून मान हलवत होती, परीक्षकासारखी. हौद बघायला ठरवलेली वेळ निघून गेली, कुणाला त्याचं काही नव्हतं.

अभियंते नाराज झाले. आठ दिवस वन्संना फोन आला नाही. नवव्या दिवशी आला, त्यांच्या सौभाग्यवतींच्या दोन कुंड्यांची पानं पिवळी पडत होती.

कार्यक्रम संपल्यावर कुंड्यावाली पुढे आली होती. वन्सं माफी मागायला तोंड उघडणार, तोच ती कुंडीत बोट खुपसून म्हणाली, "साल जरा जास्त दाबली आहे. आणि ते मीटर घेऊन रविवारी माझ्याकडे बसाल का? लोक माझं ऐकत नाहीत. आकडा सांगितला की ऐकतात."

तेव्हापासून दर रविवारी दहा ते बारा वन्सं त्या दुकानात बसतात. लोक बाटल्यांतून घरचं पाणी आणतात. वन्सं मीटर बुडवतात, चिठ्ठी लिहितात, खाली सही करतात. 'माणसांस उत्तम, ऑर्किडास नको.' किंवा, 'चालेल, खत द्यावे.' कुंड्यावाली आणि त्या एकमेकींशी सतत भांडतात, मुळं किती कापावी आणि उन्हाची तिरीप चालते का यावरून, आणि त्या भांडणासाठी वन्सं शनिवारपासून तयारी करतात. साहेबांना या वर्षी दोन काड्या आल्या, एकीवर सात कळ्या, दुसरीवर चार.

मागच्या रविवारी मी त्यांना न्यायला गेले तेव्हा एक गृहस्थ बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून आले होते. मीटरवरचा आकडा बघून वन्संनी चष्मा पुसला आणि परत बघितला. अकराशे चाळीस.

"हे पाणी कुठून आणलंत?"

"आरओ फिल्टरच्या मागच्या नळीतून बाहेर पडतं ते. वाया जातं म्हणून झाडाला घालतो. सहा महिने झाले."

"अहो, फिल्टरने काढून टाकलेला सगळा क्षार त्यातच असतो. झाड आहे का अजून?"

"आहे की. टवटवीत आहे. फुलंसुद्धा आलीत."

वन्सं आणि कुंड्यावाली एकमेकींकडे बघत राहिल्या. मग वन्संनी हळूच विचारलं, "घरात आणखी कोण कोण असतं तुमच्या?"

"बायको. का?"

"काही नाही," वन्सं म्हणाल्या, आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'आहे तसेच चालू ठेवावे.' खाली सही केली.